सीपॅपचे आकडे आणि सेटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लीप ॲप्नियासाठी सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवणारं) घरी आलं की पहिले काही दिवस मास्कशी झटापट करण्यात जातात. मग लक्ष आकड्यांकडे जातं आणि प्रश्न सुरू होतात. लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. झोपेत घसा मिटून श्वास अडतो अशा नेहमीच्या ॲप्नियासाठी साधं किंवा ऑटो (गरजेप्रमाणे दाब स्वतः कमी-जास्त करणारं) सीपॅप वापरणाऱ्या मोठ्या माणसांसाठी ही उत्तरं आहेत. बायपॅप (श्वास घेताना आणि सोडताना वेगळा दाब देणारं मशीन) किंवा एएसव्ही (श्वासागणिक आधार बदलणारं मशीन) वापरणाऱ्यांनी आधी प्रश्न १४ वाचावा.

१. एएचआय म्हणजे नेमकं काय? किती असला की ठीक म्हणायचं?

झोपेत श्वास किमान १० सेकंद जवळजवळ पूर्ण थांबला तर तो ॲप्निया. थांबला नाही, पण तेवढाच वेळ बराच उथळ झाला तर हायपॉप्निया. रात्रभरातल्या दोन्हींची बेरीज करून तासांनी भागलं की एएचआय मिळतो. उपचाराआधीच्या तपासणीत ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र धरतात. मशीन लावल्यावर तो ५ च्या खाली यावा अशी अपेक्षा असते. खाली आला की झालं. २ चा १ करायच्या मागे लागून सेटिंग बदलत बसणाऱ्यांची झोप मात्र हमखास बिघडते.

२. स्लीप स्टडीत एएचआय ४२ होता, मशीनवर २ दिसतो. खरा कुठला?

दोन्ही. ४२ हा मशीनशिवायचा, २ हा मशीन लावल्यावरचा. पण मोजण्याची पद्धतही वेगळी आहे, आणि ते लक्षात ठेवायला हवं. स्लीप स्टडीत मेंदूच्या लहरी, रक्तातला ऑक्सिजन, छाती-पोटाची हालचाल असं सगळं एकाच वेळी नोंदवलं जातं. तुमच्या मशीनला कळतो तो फक्त नळीतला हवेचा प्रवाह आणि दाब. तुम्ही झोपलात की टक्क जागे आहात, हे त्याला कळत नाही. मास्क लावून तासभर मोबाइल बघत पडलात तर तो तासही भागाकारात जातो आणि आकडा उगाच लहान दिसतो. उलटंही होतं: कूस बदलताना श्वास रोखला की मशीन ती घटना म्हणून नोंदवतं. म्हणून मशीनचा एएचआय आठवड्यामागून आठवडे कुठे चाललाय हे बघायला वापरावा. निदान त्यावर करू नये.

३. एके दिवशी १, दुसऱ्या दिवशी ६. काही बिघडलं का?

बहुधा नाही. रात्रीची दारू, चोंदलेलं नाक, पाठीवर उताणं झोपणं, तुटक झोप, यातलं काहीही एका रात्रीत आकडा वर नेऊ शकतं. एका रात्रीवरून निर्णय घेऊ नका, आठवड्याची सरासरी पाहा. सरासरीच ५ च्या वर राहत असेल तर प्रश्न ६ पासून पुढे वाचा.

४. सविस्तर माहिती बघायची कुठे?

तीन जागा आहेत. मशीनच्या पडद्यावर तास, लीक (मास्कमधून निसटणारी हवा) आणि एएचआय एवढं दिसतं. कंपनीच्या ॲपमध्ये तेच जरा सजवून दाखवतात. खरा खजिना एसडी कार्डावर असतो. ते वाचायला ऑस्कर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. रेसमेड, फिलिप्स आणि आणखी काही कंपन्यांच्या मशीनचा श्वासागणिक आलेख ते दाखवतं. मात्र ते मशीनची सेटिंग बदलत नाही, फक्त वाचतं.

कार्ड मशीनमध्ये नसेल तर त्या रात्रीची गोळाबेरीज तेवढी उरते, बारीक आलेख मिळत नाही. म्हणून कार्ड आधीच घालून ठेवा. कॉम्प्युटरला लावण्यापूर्वी कार्डाच्या कडेची छोटी पट्टी लॉककडे सरकवा, म्हणजे कॉम्प्युटर त्यावर काही लिहिणार नाही. मशीनमध्ये परत घालताना ती उघडायला विसरू नका.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. रेसमेडच्या मशीनचा दिवस दुपारी बाराला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला संपतो. रविवारी जेवून तासभर आडवे झालात तर ती वामकुक्षी रविवारच्या रात्रीच्या हिशोबात जाते.

५. ॲप मला १०० पैकी ९६ गुण देतं, तरी दिवसभर पेंगतो. असं का?

कारण ते गुण उपचार किती चांगला चाललाय याचे कमी आणि मशीन किती वेळ लावलं याचे जास्त असतात. रेसमेडच्या मायएअर ॲपमध्ये १०० पैकी ७० गुण केवळ तासांचे आहेत, २० मास्क नीट बसल्याचे. एएचआयला फक्त ५, आणि मास्क रात्री किती वेळा काढला याला उरलेले ५. नव्या माणसाला मास्क लावून ठेवायची सवय लागावी म्हणून हे बरं आहे. सेटिंग ठरवायला त्याचा उपयोग नाही. पेंगण्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

६. लीक किती चालतो? आणि तो कमी कसा करायचा?

माझं स्पष्ट मत असं की आकड्यांत सगळ्यात आधी लीक बघायचा, एएचआय त्यानंतर. लीक जास्त असेल तर बाकीचे आकडे म्हणजे फाटक्या पिशवीतले तांदूळ मोजणं. प्रेशर घशापर्यंत पोचत नाही, घटना धडपणे मोजल्या जात नाहीत, आणि ऑटो मशीन फसून भलतंच प्रेशर देतं.

आधी आकडा कसा वाचायचा ते. प्रत्येक मास्कला उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी बारीक भोकं असतात, त्यातून हवा सतत जातच असते. ती हवी. रेसमेडचं मशीन ही हवा वजा करून फक्त नको असलेला लीक दाखवतं, आणि मिनिटाला २४ लिटर ही त्याची सीमा आहे. त्याच्या खाली मशीन सांभाळून घेतं. फिलिप्सची मशीनं बहुधा एकूण हवा दाखवतात, त्यामुळे तिथे ३५–४० दिसलं तरी दचकायचं कारण नाही. एकूण आकड्याऐवजी ‘लार्ज लीक’ किती वेळ होता ते बघा. दोन कंपन्यांचे लीकचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. रेसमेडमध्ये मास्कचा प्रकारही निवडावा लागतो: पिलो (नाकपुड्यांना टेकणारा), नेझल (नाकावरचा) की फुल फेस (नाक-तोंड दोन्ही झाकणारा). मास्क बदलला आणि सेटिंग तेच राहिलं तर वजाबाकी चुकते. हे बरेच जण विसरतात.

आता दुरुस्ती. मास्क आरशासमोर उभं राहून बसवू नका. आडवे झाल्यावर गाल आणि जबडा वेगळे पडतात. अंथरुणात, नेहमीच्या कुशीवर, मशीन चालू करून मास्क चेहऱ्यापासून जरासा उचला. कुशन हवेने फुगू द्या आणि मग अलगद टेकवा. त्यानंतर खालचे पट्टे, शेवटी वरचे. नाकाच्या मुळाशी, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांकडे आणि हनुवटीच्या दोन्ही बाजूंना ओला हात फिरवा. गार झुळूक लागेल तिथे गळती. पट्टे आवळणं हा शेवटचा उपाय, कारण फार आवळलं की कुशनला घडी पडते आणि गळती वाढते.

आपल्याकडची दोन खास कारणं: रात्री डोक्याला लावलेलं खोबरेल आणि नाकात सोडलेलं तूप किंवा तेल. दोन्हींमुळे सिलिकॉन घसरतं आणि लवकर खराब होतं. झोपण्यापूर्वी चेहरा साबणाने धुवा, कुशन रोज सकाळी पुसा. तेल लावायचंच असेल तर सकाळी लावा. दाढीमिशी दाट असेल तर फुल फेस किंवा नेझल मास्कपेक्षा पिलो बसवून बघा.

७. सकाळी तोंड कोरडं ठणठणीत होतं. पाण्याची टाकी तर रात्रभर भरलेली असते.

तोंड उघडं राहत असणार. नाकाचा मास्क असेल तर हवा नाकातून आत जाऊन तोंडातून बाहेर पडते. आलेखात लीक अचानक उंच चढतो, बराच वेळ सपाट राहतो आणि कूस बदलताच कोसळतो. असं दिसलं तर शंका पक्की. नाक चोंदत असेल तर आधी त्याचा इलाज करा. जमलं नाही तर हनुवटीचा पट्टा किंवा फुल फेस मास्क. तोंडाला चिकटपट्टी लावण्याचे व्हिडिओ फिरत असतात. नाक बंद असताना किंवा उलटीची शक्यता असताना ते धोक्याचं आहे. मी सुचवणार नाही.

लीक कमी असूनही कोरडेपणा असेल तर ओलावा एकेक पायरीने वाढवा. नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज यायला लागला तर जास्त झाला. एसीच्या खोलीत तसं लवकर होतं. नळीवर कापडी वेष्टण घाला किंवा तापणारी नळी घ्या. कोकणातल्या पावसाळ्यात आणि नागपूरच्या डिसेंबरात एकच सेटिंग चालणार नाही. टाकीत डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरच्या पाण्याने तळाला पांढरा थर धरतो.

८. माझं प्रेशर १३, शेजाऱ्यांचं ८. माझा आजार जास्त आहे का?

तसं नसतं. प्रेशर पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात, आणि घरगुती सीपॅप ४ ते २० देतं. किती लागेल ते जबड्याची ठेवण, मान, नाक आणि झोपायची पद्धत यांवर ठरतं. एएचआय ६० असलेल्याला ८ पुरू शकतं, २० असलेल्याला १२ लागू शकतं. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपचार पहिल्यांदा जगासमोर मांडला. तेव्हाच्या पाच रुग्णांचा ॲप्निया तीव्र होता, आणि तरी ४.५ ते १० एवढ्या प्रेशरमध्ये काम झालं होतं.

९. दुकानदाराने ऑटो मशीन ४ ते २० वर ठेवून दिलं. तसंच राहू द्यावं?

सुरुवातीचे काही दिवस चालेल, कायमचं नको. ४ वर बऱ्याच मोठ्या माणसांना हवा अपुरी वाटते आणि ते गुदमरून मास्क काढतात. शिवाय घसा मिटायला लागल्यावर मशीन ४ पासून चढत चढत जाईपर्यंत दोन-चार घटना होऊन गेलेल्या असतात. वरचं टोक २० वर मोकळं असेल तर लीक झालेल्या रात्री मशीन उगाच वर पळतं आणि झोपमोड करतं.

दोन आठवड्यांच्या नोंदींत दोन आकडे शोधा: मध्यक (निम्मा वेळ प्रेशर ज्याच्या खाली होतं तो आकडा) आणि ९५ टक्के. ९५ टक्के म्हणजे त्या वेळातलं ९५ टक्के वेळ प्रेशर या आकड्यावर किंवा त्याच्या खाली होतं. फिलिप्समध्ये हाच हिशोब ९० टक्क्यांचा असतो. समजा मध्यक ८.६ आणि ९५ टक्के ११.२ आला. लीक आटोक्यात आहे. मग खालचं टोक ७–८ आणि वरचं १३–१४ करायचं का, हे डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे. आलेख रात्रभर वरच्या टोकाला टेकून सपाट दिसत असेल तर एक तर टोक कमी पडतंय किंवा लीक होतोय. दुसरं आधी तपासा (प्रश्न ६).

१०. ईपीआर ३ वर ठेवल्यावर छान वाटतं, पण एएचआय वाढला. काय करू?

ईपीआर ही रेसमेडच्या मशीनमधली सोय श्वास सोडताना प्रेशर १, २ किंवा ३ ने खाली आणते. प्रेशर ९ आणि ईपीआर ३ असेल तर उच्छ्वासाच्या वेळी ६ च उरतं. घसा बहुतेक श्वास सोडून संपताना मिटायला लागतो, तेव्हा टेकू कमी पडला की घटना वाढतात. दोन वाटा आहेत: ईपीआर एक पायरी कमी करा, किंवा डॉक्टरांना विचारून खालचं टोक तेवढंच वर न्या. वाढलेल्या घटना ‘क्लिअर एअरवे’ प्रकारच्या असतील तर पहिलीच वाट धरा (प्रश्न ११). मशीन ४ च्या खाली जात नाही, त्यामुळे प्रेशर ५ असताना ईपीआर ३ लावलं तरी सवलत फक्त १ ची मिळते.

फिलिप्सच्या मशीनमधली अशीच सोय, फ्लेक्स, दिसायला सारखी, पण उच्छ्वास संपण्यापूर्वीच ते प्रेशर परत आणतं. म्हणून फ्लेक्स ३ म्हणजे ईपीआर ३ नव्हे.

११. नोंदीत ‘सेंट्रल’ किंवा ‘क्लिअर एअरवे’ दिसतं. मेंदूत काही दोष आहे का?

हा शब्द बघून लोक घाबरून जातात. अर्थ एवढाच की श्वास थांबला तेव्हा घसा उघडा होता, पण श्वास घेण्याचा प्रयत्नच झाला नाही. रेसमेडचं मशीन श्वास थांबल्यावर सेकंदाला ४ या वेगाने हवेचे बारीक हेलकावे पाठवून घसा मोकळा आहे का ते चाचपतं. फिलिप्सचं मशीन त्याऐवजी हवेचा एक धक्का देतं. म्हणजे हा मशीनचा अंदाज असतो. छाती-पोटाची हालचाल त्याला दिसत नाही.

तासाला एक-दोन अशा घटना सगळ्यांच्याच येतात. झोप लागताना आणि पहाटे अर्धवट जागेपणी त्या जास्त असतात. आलेख मोठा करून पाहिलात तर त्याआधी एक खोल उसासा दिसेल. मशीन नव्याने सुरू केल्यावरही काही जणांत त्या वाढतात आणि बहुतेकांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप ओसरतात. या काळात प्रेशर वाढवणं हा उपाय नाही, त्याने त्या वाढू शकतात.

तासाला ५ हून जास्त अशा घटना आठवड्यामागून आठवडे टिकल्या, तर डॉक्टरांकडे जा. श्वास हळूहळू मोठा, मग हळूहळू लहान, मग बंद, पुन्हा मोठा, अशी लाट आलेखात लागोपाठ दिसत असेल तर वाट बघू नका. हृदय कमजोर असताना ही लाट दिसते.

१२. रात्रभर सगळं शांत आणि मधेच घटनांचा झुबका. तो कशाचा?

सरासरी इथेच फसवते. समजा ६ तासांत १८ घटना, एएचआय ३. कागदावर उत्तम. पण त्यांतल्या १४ घटना २:४० ते ३:२० या चाळीस मिनिटांत झाल्या असतील, तर तेवढ्या वेळापुरता तुमचा दर तासाला २१ होता. रोजचा आलेख उघडून घटनांच्या रेघा कुठे दाटल्यात ते बघणं म्हणून महत्त्वाचं.

झुबक्याची नेहमीची कारणं दोन. तुम्ही उताणे झालात, किंवा हनुवटी छातीला टेकली. दोन जाड उशा घेणाऱ्यांत दुसरं फार आढळतं. प्रेशर वाढवून ते सुटत नाही, एक उशी काढून सुटतं. उताणं झोपणं मोडायला कुशीवर राहण्याचा पट्टा किंवा पाठीशी लोड. झुबके पहाटेकडे सरकलेले असतील तर ते स्वप्नांच्या झोपेतले असू शकतात. तेव्हा स्नायू सैल पडतात आणि प्रेशर जास्त लागतं. अशा वेळी खालचं टोक वाढवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

१३. एएचआय २, लीक शून्य, तरी थकवा जात नाही.

आधी तास मोजा. साडेचार तास मास्क लावून उरलेली झोप मास्कविना घेत असाल तर उत्तर तिथेच आहे, आणि पहाटेचीच झोप सुटत असेल तर नुकसान जास्त. मग आलेखात फ्लो लिमिटेशन पाहा: श्वास थांबत नाही, पण अरुंद वाटेने ओढला जातो, आणि प्रत्येक श्वासाचा गोल माथा चपटा दिसतो. एएचआयमध्ये हे मोजलं जात नाही, झोप मात्र त्याने तुटते.

हेही ठीक असेल तर सीपॅपच्या बाहेर बघा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी १२, रात्री पाय वळवळणं, नैराश्य, झोप आणणारी औषधं. गाडी चालवताना डोळा लागत असेल तर कारण सापडेपर्यंत स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्या.

१४. प्रेशर मी स्वतःच बदललं तर चालेल का?

ओलावा, नळीचं तापमान, रॅम्प (सुरुवातीला प्रेशर हळूहळू चढवण्याची सोय), मास्क या सोयीच्या गोष्टी तुमच्या हातातल्या. प्रेशर आणि मोड हा औषधाच्या डोसासारखाच प्रिस्क्रिप्शनचा भाग आहे. हार्ट फेल्युअर, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), स्नायूंचा आजार, लठ्ठपणामुळे वाढलेला कार्बन डायऑक्साइड, अफूजन्य वेदनाशामकं, मशीनला जोडलेला ऑक्सिजन, बायपॅप किंवा एएसव्ही, यांपैकी काही असेल तर हात लावूच नका. हे उगाच घाबरवणं नाही. २०१५ मध्ये सर्व्ह-एचएफ नावाच्या मोठ्या अभ्यासात एएसव्हीने सेंट्रल ॲप्नियाचे आकडे सुंदर खाली आले, पण हृदयाची पंपिंग क्षमता ४५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या रुग्णांत हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढले.

डॉक्टरांना वेळ नसतो ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे एकच पान घेऊन जा: दोन आठवड्यांचे तास, ९५ टक्के प्रेशर, ९५ टक्के लीक, एएचआय आणि त्याची फोड (अडथळ्याचे, सेंट्रल, हायपॉप्निया), आणि खाली एक नेमका प्रश्न. ‘झोप नीट होत नाही’ याला उत्तर मिळत नाही. ‘खालचं टोक ५ वरून ७ करू का’ याला मिळतं. बऱ्याच मशीनचं सेटिंग टेक्निशियनला दुरूनही बदलता येतं.

१५. बदल केल्यावर किती दिवस थांबायचं?

किमान आठवडा, आणि एका वेळी एकच बदल. तारीख टाकून वहीत लिहा. मास्क, ईपीआर आणि प्रेशर एकाच रात्री बदललंत तर कशाने काय झालं ते कोणालाच सांगता येणार नाही.

१६. पोटात हवा भरून सकाळी ढेकर येतात.

हवा अन्ननलिकेत जाते. प्रेशर जास्त असताना हे होतं, आणि ॲसिडिटीवाल्यांना जास्त. लीकमुळे मशीन वर पळतंय का ते आधी बघा. मग डावी कूस, उशिराचं जेवण बंद, ईपीआर एक पायरी वर. तरी थांबलं नाही तर वरचं टोक कमी करायला डॉक्टरांना विचारा. एएचआय १ ऐवजी ३ झाला तरी हा सौदा परवडतो.

१७. रात्री लाइट जाते. इन्व्हर्टरवर मशीन चालतं का?

चालतं. ओलाव्याची टाकी आणि तापणारी नळी बंद केली की विजेचा खप बराच कमी होतो, कारण खरी वीज तिथेच जाते. इन्व्हर्टर शक्यतो प्युअर साइन वेव्हचा घ्या. वीज गेली आणि बॅकअप नसेल तर मास्क काढून ठेवा. चालू-बंद झाल्यामुळे एका रात्रीचे दोन-तीन तुकडे दिसतील, आकड्यांना त्याने धक्का लागत नाही.

१८. महाबळेश्वर किंवा लेहला जाताना सेटिंग बदलावं का?

महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, तिथे काही करायची गरज नाही. नवी मशीनं उंचीचा हिशोब स्वतः करतात. लेह ३,५०० मीटरवर. तिथे विरळ हवेमुळे निरोगी माणसालाही झोपेत सेंट्रल घटना येतात, तेव्हा तिथले आकडे बघून प्रेशर वाढवू नका. जाण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

१९. काकांचं मशीन पडून आहे, किंवा मुलगा अमेरिकेतून जुनं आणतोय. वापरू का?

आधी मॉडेल तपासा. फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतल्या फोममुळे लाखो मशीनं परत मागवली होती. त्या यादीतलं असेल तर नको. नसेल तर मास्क, नळी आणि फिल्टर नवे घ्या, आणि काकांचं प्रेशर तुमच्या स्लीप स्टडीप्रमाणे बदलून घ्या. अमेरिकेतल्या मशीनचा अडॅप्टर सहसा १०० ते २४० व्होल्ट घेतो, तरी त्यावर छापलेलं वाचा. तिथल्या मशीनचं मोबाइल नेटवर्क इथे अनेकदा लागत नाही; मग एसडी कार्ड आहेच (प्रश्न ४).

२०. वजन घटलं, एएचआय ०.५ आला. मशीन बंद करू?

०.५ हा मशीन चालू असतानाचा आकडा आहे. मशीन बंद केल्यावर किती होईल ते त्यावरून कळत नाही. वजन उतरलं की ऑटो मशीनचं ९५ टक्के प्रेशर मात्र महिन्यामागून महिना खाली येताना दिसतं, आणि ती चांगली खूण आहे. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनबद्दल हल्ली फार विचारतात: लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी टिरझेपाटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली आहे. पण ते घेणाऱ्यांनीही मशीन मनाने सोडायचं नाही, पुन्हा स्लीप स्टडी करून मग ठरवायचं. त्या तपासणीआधी काही रात्री मशीन लावायचं की नाही, हे लॅबला अपॉइंटमेंट घेतानाच विचारून ठेवा.